खैरनार आप्पांची अर्धी गाडी

खैरनार आप्पांची आणि आमची ओळख आमच्या स्कूटरच्या मागच्या चाकानं करून दिली.

एक्क्याण्णव साल असेल. आडगाव नाक्याच्या अलीकडे नवीन रो-हाउसेस झाली होती, त्यातलं एक आम्ही घेतलं होतं. टेम्पोतून सामान उतरत होतं. सुधीर, म्हणजे माझा नवरा, जिन्यातून कपाट वर कसं न्यायचं यावर हमालांशी हुज्जत घालत होता आणि मी चहाचं पातेलं शोधत होते. तेवढ्यात एक बुटका, रुंद खांद्यांचा गृहस्थ फाटक उघडून आत आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. सरळ स्कूटरपाशी जाऊन उकिडवा बसला. शर्टाच्या एका खिशातून पेनाएवढा टॉर्च काढला, दुसऱ्यातून दांडी लावलेला छोटा आरसा, दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा. टॉर्च मारून, आरसा चाकाखाली घालून बराच वेळ काहीतरी पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठला आणि म्हणाला,

"मी खैरनार. शेजारी. तुमचं मागचं चाक एका बाजूनं झिजतंय. पास नाही."

एवढं बोलून निघूनही गेला. थोड्या वेळानं शेजारच्या घरातून एक हसतमुख बाई किटली आणि पोह्यांची ताटली घेऊन आल्या. "त्यांचं मनावर घेऊ नका हं," त्या म्हणाल्या, "ते आमच्या लग्नात मांडवाचे खांबसुद्धा हलवून बघत होते."

या शांताकाकू. माहेर सटाण्याचं. आप्पांचंही गाव त्याच बाजूचं, पण कारखान्यात इतकी वर्षं काढल्यामुळे आप्पांची भाषा इस्त्री केल्यासारखी झाली होती. काकू मात्र आमच्याशी नाशकातलं मराठी आणि आप्पांशी अहिराणी बोलायच्या. आप्पा वादात हरायला लागले की तेही अहिराणीवर यायचे. त्यामुळे भिंतीपलीकडून आवाज आला की शब्द न कळताही कोण जिंकतंय ते आम्हाला समजायचं.

आप्पा ओझरच्या विमानाच्या कारखान्यात तपासनीस होते. दुसऱ्यांनी केलेलं काम तपासायचं आणि सही करायची, किंवा करायची नाही. त्यांचा कल दुसऱ्या गोष्टीकडे जास्त. "घाईत वर गेलेलं घाईतच खाली येतं," असं ते म्हणायचे. मूळ वाक्य विमानांबद्दलचं होतं, पण पापड, सोयरीक, सोसायटीचे ठराव, कशालाही ते लागू व्हायचं. जेवायला बसले की भाकरी उचलून उजेडासमोर धरायचे. "कडेला जाडी जास्त आहे." काकू शांतपणे ती भाकरी त्यांच्या ताटातून काढून आपल्या ताटात घ्यायच्या आणि दुसरी द्यायच्याच नाहीत. मग आप्पा हात पुढे करून तीच परत मागायचे.

"ह्या मानूसनी माले कशी काय पास करी, देवले माहीत," काकू मला सांगायच्या.

आप्पांच्या तोंडून नुसतं 'पास' असं मी त्या काळात एकदाच ऐकलं. आमच्या मुलीच्या बारशाला. पाळणा टांगायला सुधीरनं छताला नवीन कडी बसवून घेतली होती. पाहुणे यायला लागले होते, आत्या-मावशा शालू सावरत दारातून आत शिरल्या, आणि समोर काय पाहतात तर धुवट पांढऱ्या शर्टातला एक प्रौढ गृहस्थ पाय पोटाशी घेऊन छताच्या कडीला लोंबकळतोय. आमच्या सासूबाईंना वाटलं, हा काहीतरी विधी आहे. आप्पा तसेच लोंबकळत एकदा डावीकडे झुलले, एकदा उजवीकडे झुलले, मग धप्पकन खाली उतरून घाम पुसत म्हणाले, "पास. आता ठेवा बाळाला."

त्या सगळ्या थाटामाटात माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते नेमकं त्या वेळी.

गाडी आली ती आम्ही राहायला आल्यानंतरच्या दिवाळीत. पिंपळगावच्या बाजूला एका द्राक्षबागाईतदाराच्या शेडमध्ये ती कित्येक वर्षं उभी होती. लँडमास्टर. फुगीर पाठीची, गोल डोळ्यांची, आप्पांच्या स्वतःच्या बांध्याची. ट्रॅक्टरमागे दोर बांधून ती आमच्या गल्लीत शिरली तेव्हा सगळी पोरं मागे धावत होती. आप्पा स्टिअरिंगवर बसले होते, वरातीतल्या नवरदेवापेक्षा गंभीर चेहऱ्यानं. गाडी थांबली, मागचं दार उघडलं, आणि आतून पहिल्यांदा कोण उतरलं असेल तर एक कोंबडी. मागच्या सीटच्या फाटक्या गादीत तिनं अंडी घातली होती आणि महामार्गावरून एवढा प्रवास होऊनही ती त्यावरून उठली नव्हती. काकू कमरेवर हात ठेवून हे बघत होत्या.

"ही तुमची, ती माझी," त्या गाडीकडे आणि कोंबडीकडे बोट दाखवत म्हणाल्या. आणि त्यांनी खरंच ती कोंबडी ठेवून घेतली.

आप्पांची गाडी दुरुस्त करायची पद्धत कारखान्यातली होती. एक भाग हातात घ्यायचा, तो पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. आणि पूर्ण झाला की नाही हे ठरवणारे तेच. त्यांनी डाव्या बाजूपासून सुरुवात केली. पत्रा ठोकून सरळ केला, घासला, अस्तर दिलं, परत घासला. शेवटी त्यावर शेवाळी हिरवा रंग चढला तेव्हा आमच्या मुलीची बालवाडी संपत आली होती. पण रंग असा, की त्यात बघून भांग पाडावा. उजवी बाजू मात्र तशीच, गेरूसारख्या अस्तराची, जागोजाग खड्डे बुजवायच्या लांबीचे पांढरे ठिपके, दाराला मूठ नाही म्हणून सुतळी. बॉनेटच्या बरोबर मधून दोन्ही रंगांची सीमा गेली होती. रस्त्यावरून येणाऱ्याला ती नवी नवरी दिसायची. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी उजवीकडे. त्यामुळे मी कित्येक वर्षं कांजिण्या झालेल्या पेशंटकडे बघत पोळ्या लाटल्या.

"हाई मनी सवत शे," काकू म्हणायच्या. पण दुपारी मटार सोलायला, तांदूळ निवडायला त्या गाडीतच जाऊन बसायच्या. मागचं दार उघडं टाकायचं, पाय बाहेर सोडायचे, सूप मांडीवर. मी खिडकीत, त्या गाडीत, अशा आमच्या गप्पा व्हायच्या. "सवत असली तरी बूड टेकायला जागा देते," हे त्यांचं त्यावरचं म्हणणं.

ती गाडी लांबच्या प्रवासाला गेल्याचं मला एकदाच माहीत आहे. काकूंच्या भाचीचं सटाण्याला लग्न होतं. आप्पांनी आठवडाभर इंजिन तपासलं आणि नाइलाजानं मान्य केलं की एवढा प्रवास त्याला झेपेल. आम्हालाही बरोबर घेतलं. उजवं दार सुतळीनं बांधलेलं, त्यामुळे आप्पा डाव्या दारानं शिरून अखंड सीटवरून सरकत स्टिअरिंगपर्यंत जायचे. उतरताना आधी सुधीरनं उतरायचं, मग त्यांनी. सोग्रस फाट्यापर्यंत सगळं ठीक होतं. भावडबारीच्या चढावर कांद्याचे ट्रॅक्टर आम्हाला ओलांडून पुढे जायला लागले. एका ट्रॅक्टरवाल्यानं डावीकडून जाताना हिरवा रंग बघून कौतुकानं हात केला. पुढे गेल्यावर सहज वळून पाहिलं तर त्याला उजवी बाजू दिसली. तो एवढा चकित झाला की पार वळणापर्यंत मान मागे करूनच बसला होता. त्याला वाटलं असणार, एवढ्यात अपघात झाला.

लग्नघरी आप्पांनी गाडी हिरवी बाजू मांडवाकडे करून लावली. झालं! वराकडच्यांनी हट्ट धरला की नवरदेव याच गाडीतून मारुतीच्या पाराला जाणार. आप्पा म्हणाले, ब्रेक मला पूर्ण पसंत नाहीत. वरबाप म्हणाला, आमचा बँड पुढे असतो, गाडीला ब्रेक लागतोच कशाला? शेवटी तडजोड अशी झाली, की गाडीत फक्त नवरदेव बसेल, वेग बँडवाल्यांच्या पावलाचा असेल, आणि फोटोग्राफरनं सगळे फोटो डावीकडून काढायचे. वरात निघाली. बँडवाल्यांनी मधेच थांबून नाच सुरू केला की आप्पा खिडकीतून ओरडायचे, "चालत राहा! थांबायचं आधी सांगत जा!" नवरदेव बिचारा मुंडावळ्या सावरत आप्पांना विचारत होता, "मामा, मी उतरून चालू का?" काकू एवढ्या हसल्या की त्यांच्या नथीचा फासा निघाला.

परत आल्यावर आप्पांना गिअर टाकताना कसलातरी आवाज ऐकू आला. आम्हाला कुणालाच तो ऐकू येत नव्हता. पण त्यांनी गिअरबॉक्स खाली उतरवला, आणि मग तो उतरलेलाच राहिला. दरम्यान ते निवृत्त झाले. आता गाडी झपाट्यानं पूर्ण होणार असं गल्लीला वाटलं. उलट झालं. आधी कारखान्यात वाटला जाणारा सगळा काटेकोरपणा आता एकट्या गाडीच्या वाट्याला आला. एकेक नट-बोल्ट रॉकेलमध्ये न्हाऊन, फडक्यात गुंडाळून, डब्यात जाऊन बसला.

नवं शतक लागलं आणि काकूंचे गुडघे बिघडले.

त्यांच्या घराची रचना आमच्यासारखीच होती. खाली हॉल आणि स्वयंपाकघर, झोपायच्या खोल्या आणि न्हाणीघर वर. खाली जादा जागा एकच, गाडी उभी होती ती शेड. काकू जिना उतरायच्या त्या पाठमोऱ्या, कठडा दोन्ही हातांनी धरून, लहान मूल पलंगावरून उतरतं तशा. तक्रार काही करायच्या नाहीत. उलट सांगायच्या, "मागं बघत उतरलं की घर किती झाडायचं राहिलंय ते दिसतं."

एका सकाळी मी दही मागायला गेले तर आप्पा जिन्याखाली टॉर्च घेऊन उभे. पायऱ्या मोजल्यासारख्या बघत होते, कठडा हलवत होते. मला म्हणाले, "जिना भक्कम आहे. जिन्यात दोष नाही." मग वर बघत राहिले. वर काकू उतरायच्या तयारीत होत्या. त्या अगदी खाली येईपर्यंत आप्पा हात पुढे करून उभे होते, झेलायच्या तयारीत. त्या टेकल्यावर त्यांनी टॉर्च खिशात ठेवला.

त्याच आठवड्यात फाटकाला पाटी लागली: 'जुनी मोटार विकणे आहे. काम अपूर्ण आहे.'

दुसरं वाक्य घालू नका असं सुधीरनं सुचवून बघितलं. आप्पा म्हणाले, "खोटं कसं लिहू?"

काकूंनी पाटी पाहिली. "कशाला?" एवढंच त्यांनी विचारलं. "शेड मोकळी हवी आहे. खोली बांधायची," आप्पा म्हणाले. त्या दुपारी काकू गाडीत बसायला आल्या तेव्हा सूप रिकामंच होतं. खिडकीतून मला म्हणाल्या, "माझ्या पायांसाठी हे स्वतःचे हात तोडून घेताहेत. मी काय करू गं?"

मग गिऱ्हाइकं यायला लागली. मालेगावकडचा एक मंडपवाला आला. त्याला गाडीचं छप्पर कापून वर सिंहासन बसवायचं होतं, मागे पिसारा फुलवलेला मोर. आप्पांनी त्याला पाणी दिलं आणि फाटक दाखवलं. हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याला ती हिरवळीवर ठेवून बॉनेटमध्ये फुलझाडं लावायची होती. "इंजिनाच्या जागी झेंडू?" आप्पांनी दोनदा विचारलं, आपण नीट ऐकलं ना म्हणून. मुंबईहून एक सिनेमावाला आला, चांगला आदबशीर. त्याला गाडी फक्त एका दृश्यासाठी हवी होती. कसाऱ्याच्या घाटात ती दरीत पडते. "पण एकदाच," तो समजावून सांगत होता, "पुन्हा पुन्हा नाही."

एक डॉक्टर मात्र खरंच चांगले होते. जुन्या गाड्यांची हौस, ठेवायला जागा, सगळं होतं. आप्पांनी त्यांना आरसा-टॉर्च घेऊन सकाळभर गाडीतले दोष दाखवले. पत्रा कुठे पातळ झालाय, वायरिंग कुठे उंदरांनी चाखलंय, कुठला स्क्रू मूळचा नाही. डॉक्टर आधी खाली वाकून बघत होते, मग नुसते ऐकत होते, मग घड्याळ बघायला लागले. जाताना म्हणाले, "खैरनारसाहेब, एवढे आजार एकाच वेळी असलेला पेशंट मी घेत नाही."

"विकायची आहे की नाही तुम्हाला?" सुधीरनं विचारलं.

"विकायचीच आहे," आप्पा कळवळून म्हणाले. आणि ते खरं होतं. तेवढंच, फसवून विकायची नव्हती, आणि न फसवता ती विकली जात नव्हती.

रामदास आला तो घोटीहून, भाताची गिरणी चालवणारा, पंचेचाळिशीचा, अंगावर कोंड्याचा बारीक थर असलेला माणूस. त्याचं हसणं आधी फाटकातून आत आलं, मग तो आला. आप्पांनी नेहमीप्रमाणे उजवीकडून सुरुवात केली.

"हे दार बंद होत नाही."

"चालतंय की, काका."

"काच वर जात नाही."

"चालतंय."

"गिअरबॉक्स काढून ठेवलाय."

"चालतंय हो."

"अहो, चालत नाहीये!" आप्पांचा आवाज चढला. "तोच तर मुद्दा आहे! कित्येक वर्षांत ती जागची हललेली नाही!"

रामदास एवढा मोठ्यानं हसला की काकू बाहेर आल्या. त्यांनी त्याला आत बोलावून चहा दिला आणि विचारलं, "एवढी मोडकी गाडी कशाला हवी बाबा तुला?"

रामदासनं कप खाली ठेवला. "काकू, माझा जन्म असल्याच गाडीत झालाय. आई अडली होती. गावातल्या एका शेठची अशी गाडी होती, त्यात घालून तिला नाशिकला आणत होते. वाडीवऱ्ह्याच्या पुढं मी वाट बघायला तयार नाय झालो. कुणी जन्मगाव विचारलं की माझी पंचाईत होते बघा. ती गाडी कधीच मोडीत गेली. म्हातारी म्हणते, डोळे मिटायच्या आधी एकदा तसल्या गाडीत बसावं. लय शोधली. आज सापडली."

आप्पा फक्त म्हणाले, "आईंना घेऊन या."

पुढच्या रविवारी रामदास आईला घेऊन आला. एवढीशी बाई, नऊवारीत हरवलेली. आप्पांनी हिरव्या बाजूचं मागचं दार उघडून धरलं. म्हातारी आत चढली, सीटवरून हात फिरवला, आणि कुणाला काही कळायच्या आत आडवी झाली. गुडघे वर घेतले, एका हातानं पुढच्या सीटची पाठ धरली. "अश्शी पडले व्हते मी. आन् ह्यो आतून लाथा घालीत व्हता." गल्लीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. रामदास लाजून लाल झाला होता.

आप्पा वाकून, अगदी हळू आवाजात म्हणाले, "आजी, ही ती गाडी नाही बरं का. ही दुसरी आहे."

"म्हाईत हाय की मला," म्हातारी पडल्या पडल्या म्हणाली. "ती काळी व्हती. पन जागा तेवढीच हाय."

गिऱ्हाईक मिळालं. सगळ्यांना वाटलं, झालं काम. पण रामदासला निरोप देताना आप्पा म्हणाले, "तुम्हालाच देतो. पण उजवी बाजू पूर्ण करून देतो. अर्धं काम मी हातातून सोडत नाही." रामदास म्हणाला, "चालतंय," आणि गेला. मग पाऊस येऊन गेला, दिवाळी येऊन गेली. आप्पा दारावरची लांबी घासत होते, पुन्हा भरत होते, पुन्हा घासत होते. म्हातारीचं वय, काकूंचे गुडघे, कुणीच त्यांच्या लांबीसाठी थांबणार नव्हतं, आणि हे त्यांनाही कळत होतं. त्या दिवसांत ते नीट जेवत नसत. मी एकदा शेडमध्ये डोकावले तर हातात घासायचा कागद तसाच धरून दाराकडे बघत बसलेले. म्हणाले, "सही केली की वस्तू आपली राहत नाही, विमानातून वर जाणाऱ्याची होते. म्हणून सही करताना माझा हात जड व्हायचा. तो अजून हलका झाला नाही."

त्यानंतर लवकरच, सकाळच्या वेळी, मी कणीक मळत होते आणि खिडकीतून काकूंचा आवाज आला. त्या काठी टेकत शेडमध्ये आल्या होत्या. आजही अहिराणीच होती, पण भांडणाची नव्हती.

"तुम्ही अर्धीच द्या," असं काहीसं त्या म्हणाल्या. आप्पा मराठीत पुटपुटले, की अपुरी वस्तू दुसऱ्याच्या दारात कशी पाठवायची.

"मना बापनी माले काय पुरी करीसन धाडी व्हती का?"

हे मला स्पष्ट ऐकू आलं आणि कळलंही. माझ्या बापानं मला काय पूर्ण करून पाठवली होती का? "भाकर येत नव्हती मला," काकू पुढे म्हणत होत्या, "चुलीला फुंकर घालता येत नव्हती. तुमच्या आईनं ठेवून घेतली ना? तुमच्या घरी येऊनच झाले ना मी, जेवढी झाले तेवढी?"

मग आप्पांचा आवाज आला, अहिराणीत. म्हणजे ते हरले होते. आणि लगेच दोघांचं हसू ऐकू आलं. मी कणकेचा हात तसाच घेऊन खिडकीपासून बाजूला झाले.

गाडी गेली ती रामदासच्या तांदळाच्या ट्रकमधून, गोण्यांच्या जागी. बरोबर गिअरबॉक्सचा खोका, नट-बोल्टांचे डबे, आणि शेजारी ड्रायव्हरजवळ आप्पा स्वतः. रामदास म्हणत होता, "काका, तुम्ही कशाला त्रास घेता?" आप्पा म्हणाले, "आज नुसतं पोचवायला येतो." पुढच्या रविवारी ते एस.टी.नं घोटीला गेले. त्याच्या पुढच्या रविवारीही गेले.

इकडे खोलीचं काम निघालं. गवंड्याचे त्यांनी जे हाल केले ते गवंड्यानं नंतर सगळ्या नाशकात सांगितले. फरश्या बसवायच्या, उचलायच्या, परत बसवायच्या. शेवटी एका दुपारी, दार लागायच्या आधीच, काकूंनी आपली गादी त्या खोलीत टाकायला लावली. आप्पा म्हणाले, "अजून भिंतीची तपासणी राहिली आहे." काकू आडव्या झाल्या, पांघरूण ओढून घेतलं आणि म्हणाल्या, "ती मी झोपून करते."

घोटीच्या एका रविवारनंतर आप्पा दोन दिवस कशातच दोष काढत नव्हते. मला राहवेना. विचारलं, "गाडी कशी आहे?"

"पूर्ण झाली." मग म्हणाले, "रामदासनं मला न विचारता टेम्पो रंगवणाऱ्याकडून उजवी बाजू करून घेतली. आता दोन्ही बाजू हिरव्या आहेत."

"मग चांगलंच झालं की."

"दोन वेगवेगळ्या हिरव्या."

मला हसावं की नाही ते कळेना. त्यांच्याकडे बघितलं तर त्यांच्याच ओठांच्या कडा हलत होत्या. "चालवून पाहिली," ते म्हणाले. "म्हातारीला घेऊन वाडीवऱ्ह्याच्या पुढं गेलो. तिनं एका ठिकाणी थांबवायला लावलं. उतरली, रस्त्याला नमस्कार केला, परत बसली. म्हणाली, चला, भूक लागली. ती मागं वळूनसुद्धा रंगाकडे बघत नव्हती हो."

पुढे गाडीचं काम उरलं नाही, पण आप्पांचं घोटीला जाणं सुटलं नाही. कारण विचारलं तर ते इंद्रायणी आणि कोळपी या भातांमधला फरक समजावून सांगत. काकूही आता खालच्या खोलीतून दोन पावलांत बाहेर येऊ शकत होत्या. रामदास न्यायला आला की त्याही जायच्या.

दोन हजार चार-पाचच्या सुमारास सुधीरची बदली झाली. नाशिक सोडायच्या दिवशी आप्पांचा निरोप घ्यायला गेलो तर घराला कुलूप. समोरच्यांनी सांगितलं, भाताची लावणी चालू आहे, दोघं घोटीला गेलीत. तसे आम्ही इगतपुरीच्या बाजूलाच निघालो होतो, म्हणून वाट वाकडी केली.

पाऊस थोडा उघडला होता. रामदासच्या शेताच्या बांधावर एका खुर्चीत काकू बसल्या होत्या, डोक्यावर मोठी छत्री, पाय एका उलट्या घमेल्यावर. त्यांनी आम्हाला बघून हात केला आणि त्याच हातानं खाचरात दाखवलं. गुडघाभर चिखलात, बायकांच्या रांगेच्या टोकाला, विजार मांड्यांपर्यंत गुंडाळून, आप्पा वाकून भाताची रोपं लावत होते. पाठीवर इरलं, दाढीला चिखल. बायकांच्या ओळी दोरी लावल्यासारख्या सरळ होत्या. आप्पांची ओळ मधेच डावीकडे गेली होती, मग उजवीकडे आली होती, आणि पुढे तिनं शेजारच्या ओळीत घुसायची तयारी केली होती.

"ओ बाबा," एक बाई हसत ओरडली, "लय वाकडं लावलंय तुम्ही!"

आप्पांनी कंबर धरून सरळ होत मागे पाहिलं. आपली ती ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट न्याहाळली. मग मूठभर रोपं उचलून परत खाली वाकले.

"असू द्या बाई," ते म्हणाले, "भाताला कुठं दिसतंय!"